गिळणं वेगळं, मारणं वेगळं: पेशीच्या आत बसलेल्या जंतूशी शरीर कसं लढतं

बेटा, तुझा प्रश्न वाचला. आईच्या मानेत गाठ आली, सुईच्या तपासणीत टीबी निघाला, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेत, आणि तू बीएससी मायक्रोबायोलॉजी करून राहिली आहेस म्हणून पुस्तकातलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. मॅक्रोफेज, म्हणजे गिळणारी पांढरी पेशी, जंतूला खातो, पण टीबीचा जंतू तर मॅक्रोफेजच्या आतच राहतो, मग त्याला मारतं तरी कोण, अँटीबॉडी, म्हणजे रक्तात फिरून जंतूला चिकटणारी प्रथिनं, काय करतात, आणि आईची इम्युनिटी कमी होती म्हणून हे झालं का? मी नागपुरात २६ वर्षं पॅथॉलॉजी करतेय, रोजच अशा गाठींच्या स्लाइड बघते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, निवांत वाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर, गिळणं वेगळं आणि मारणं वेगळं. आपण शाळेत शिकतो की पांढरी पेशी जंतूला गिळते आणि विषय संपला. टीबीत विषय तिथूनच सुरू होतो.

आईच्या गाठीतून सुईने जे निघालं असेल ते पांढरट पिवळं, पनीर हाताने कुस्करल्यासारखं असतं. ते आम्ही काचेवर पसरवतो, त्यावर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओततो आणि खालून स्पिरिटच्या बोळ्याने गरम करतो, वाफ निघाली पाहिजे पण उकळी फुटता कामा नये, हे नव्या टेक्निशियनला शिकवायलाच महिना जातो. मग आम्लाने धुतो. बाकी सगळ्यांचा लाल रंग वाहून जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. मग शंभरच्या लेन्सवर तेलाचा थेंब टाकून बघत बसायचं, निळ्या पसाऱ्यात कुठेतरी एखाद-दुसरी बारीक, किंचित वाकलेली लाल काडी दिसते. गाठीच्या स्लाइडमध्ये कधी कधी दोनशे जागा बघितल्या तरी एकही सापडत नाही. आम्लाने रंग का जात नाही, तर त्याच्या अंगावर मायकोलिक ॲसिडचं मेणासारखं जाड वेष्टण आहे. पेशीच्या पोटात टिकून राहायलाही तेच वेष्टण त्याच्या कामी येतं.

रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ ला जाहीर केला, म्हणून तर २४ मार्चला टीबी दिन असतो. त्याच वर्षी तिकडे इटलीत मेसिनाला मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञांनी स्टारफिशच्या पारदर्शक अळीत काटा टोचून बघितलं, काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या, आणि या पेशी बाहेरची वस्तू गिळतात ही कल्पना तिथून पुढे आली. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. जंतू आणि त्याला गिळणारी पेशी, दोघांची ओळख एकाच वर्षी झाली, मला हे दरवेळी सांगताना अंगावर काटा येतो.

आता गिळल्यावर काय होतं ते बघ. पेशी जंतूला आपल्याच पडद्याच्या पिशवीत ओढून घेते, तिला फॅगोसोम म्हणतात. पिशवी हळूहळू आत सरकते, आंबट होत जाते, आणि शेवटी लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात, त्यांच्यात पचवणारी एन्झाइम असतात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट, साडेचार-पाचपर्यंत उतरतो. ई. कोलायसारखा आतड्यातला साधा जंतू यात टिकत नाही. टीबीचा जंतू मात्र ही पिशवी पिकूच देत नाही. त्याच्या वेष्टणातला लायपोअरॅबिनोमॅनन नावाचा रेणू आणि तो सोडतो ती काही एन्झाइम पिशवीवरची ती खूणच पुसतात जी बघून लायसोसोम येऊन मिळतात. पीएच सव्वासहाच्या आसपास अडकून राहतो. म्हणजे पेशीने त्याला कोंडून तर घेतलं, पण त्या खोलीत जेवणखाण आहे, गारवा आहे, आणि बाहेर रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडीचा हात तिथे पोचत नाही. तो आरामात राहतो. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला दुप्पट व्हायला जवळजवळ वीस तास लागतात, त्याला कसलीच घाई नाही.

सगळे आतले जंतू असंच करतात असं नाही हं. लिस्टेरिया नावाचा जंतू एक विषारी प्रथिन सोडून पिशवीच फोडतो आणि पेशीच्या मोकळ्या द्रवात येतो, मग पेशीचेच ॲक्टिनचे धागे शेपटीसारखे मागे लावून शेजारच्या पेशीत घुसतो, बाहेर यायची गरजच नाही. टायफॉइडवाला साल्मोनेला पिशवीतच राहतो पण सुईसारख्या यंत्रणेतून प्रथिनं टोचून ती पिशवी आपल्या सोयीची करून घेतो, आणि मॅक्रोफेजमध्ये बसून थेट हाडाच्या मगजापर्यंत जातो, म्हणून टायफॉइडमध्ये रक्तापेक्षा मगजाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, तो जास्त वेळा सापडतो. (आपल्या विदर्भात सिकलसेलची पोरं खूप, त्यांच्या हाडात साल्मोनेला जाऊन बसतो, हे लक्षात ठेव, परीक्षेत नाही तरी वॉर्डात कामी येईल.) कॉक्सिएला नावाचा जंतू तर त्या आंबट पिशवीतच खूश असतो, त्याला आम्लच लागतं.

आणि स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे, नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत, जे झालं ते मी विसरू शकत नाही. हा ओरिएन्शिया नावाचा जंतू, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीने चावल्यावर शिरतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीत राहतो. एका खेड्यातल्या बाई होत्या, चाळिशीच्या, धान निंदायला जायच्या. पाच दिवस एका दवाखान्यात भारी इंजेक्शन चालू, ताप १०३ च्या खाली येईना, प्लेटलेट पडून राहिलेल्या, सगळे डेंग्यू डेंग्यू म्हणून राहिले. रक्त घ्यायला गेले तेव्हा सिस्टरने बाईंची साडी बदलताना मांडीच्या सांध्यात एक काळी खपली बघितली, विडीचा चटका बसल्यासारखी, अजिबात न दुखणारी. तीच खूण. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, दोन दिवसांत ताप गेला. आधीचं इंजेक्शन वाईट नव्हतं, पण ते जंतूची भिंत बांधणं थांबवतं, या जंतूवर ते चालतच नाही, आणि पेशीच्या आत अशी औषधं फारशी शिरतही नाहीत. डॉक्सीसायक्लिन पेशीत शिरतं. जंतू कुठे बसलाय हे कळल्याशिवाय औषध निवडता येत नाही, इतकी साधी गोष्ट, पण त्या पाच दिवसांत बाईंची किडनी जाता जाता राहिली. तुला लॅबमध्ये जेंटामायसिन प्रोटेक्शन ॲसे नावाची चाचणी शिकवतील ना, त्यात हेच वापरतात, जेंटामायसिन बाहेरच्या जंतूंना मारतं आणि आतले वाचतात, म्हणून आत किती गेले ते मोजता येतं.

आता तुझा मूळ प्रश्न, मारतं कोण.

मॅक्रोफेज एकटा असतो तेव्हा बहुतेक हरतो. पण तो एक काम करतो, जंतूचे छोटे तुकडे करून आपल्या अंगावर एमएचसी नावाच्या प्रथिनात धरून दाखवतो. असंच काम करणारी दुसरी एक पेशी, डेंड्रिटिक, ती तर जंतू घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जाते. (आता कळलं ना मानेची गाठ का आली, ग्रंथी म्हणजे गाठभेटीची जागाच आहे, तिथेच जंतूही पोचला आणि टी पेशीही, त्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार.) टी पेशी जंतूला कधीच थेट बघत नाही, ती फक्त तो धरलेला तुकडा ओळखते. गिळणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१२ नावाचं निरोपाचं प्रथिन सोडतात, टी पेशी त्याने तयार होते आणि उलट मॅक्रोफेजच्या जवळ येऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचं तसंच दुसरं प्रथिन सोडते. हा निरोप मिळाला की मॅक्रोफेज बदलतो. अडकलेली पिशवी पुढे सरकायला लागते, आंबट होते, त्यात नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे जहाल रेणू ओतले जातात. पिशवीतलं लोह आणि मँगनीज बाहेर खेचलं जातं, जंतू उपाशी मरावा म्हणून, आणि जंतू आपल्या मायकोबॅक्टिन नावाच्या रेणूने तेच लोह परत ओढायला बघतो, अशी रस्सीखेच चालते. उलट तांबं आणि जस्त मात्र पेशी त्याच्यावर जास्तीचं टाकते, विष म्हणून.

यातली मूळ गोष्ट १९६२ साली मॅकेनेस नावाच्या शास्त्रज्ञांनी लिस्टेरिया आणि उंदरांवर दाखवलं, की वाचलेल्या उंदराचा सिरम, म्हणजे अँटीबॉडी असलेला रक्तातला द्रव, दुसऱ्याला देऊन संरक्षण मिळत नाही, मॅक्रोफेजच स्वतः बदललेला असतो. नंतर पेशी देऊन बघितल्या तर त्याने मात्र मिळतं. तुझ्या अँटीबॉडीच्या प्रश्नाचं उत्तर याच्यात आलं. म्हणून तर टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडी मोजणाऱ्या टेस्टवर २०१२ साली भारत सरकारने बंदी घातली, त्याआधी लोक त्यावर पैसे घालवून चुकीच्या रिपोर्टवर गोळ्या खात होते, मी स्वतः असे रिपोर्ट हातात घेऊन आलेले लोक बघितलेत, कोणी सहा महिने फुकट औषध खाल्लेलं तर कोणी निगेटिव्ह म्हणून घरी बसून खोकत राहिलेलं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा बघायचा तर कुष्ठरोग बघ. आपल्या विदर्भाला हा आजार सांगायला नको, वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन, आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जवळून पाहिलंय. जंतू एकच, पण दोन माणसांत दोन आजार. एकाच्या अंगावर एखाद-दोन चट्टे, तिथे संवेदना नाही, चट्ट्यातून नमुना घेतला तर जंतू सापडत नाहीत, कारण त्याच्या टी पेशी आणि मॅक्रोफेज नीट बोलतात. दुसऱ्याचा चेहरा, कानाच्या पाळ्या सुजलेल्या, पाळीवर बारीक चीर देऊन स्लाइड केली तर एकेका मॅक्रोफेजमध्ये जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे, विडीचं बंडल बांधल्यासारखे. आणि गंमत नाही, पण खरं हे आहे की याच दुसऱ्या माणसाच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर असतात. काही उपयोग नाही. त्याचे मॅक्रोफेज गिळतात, आणि गिळून तसेच बसून राहतात. पहिल्यांदा अशी स्लाइड बघितली तेव्हा मी सरांना विचारलं होतं की सर, एवढ्या पेशी आहेत तर मग मारत काऊन नाहीत, आणि सर म्हणाले की त्यांना कोणी सांगितलंच नाही.

अजून एक पुरावा लहान मुलांचा. काही मुलांमध्ये जन्मतःच इंटरल्युकिन-१२ किंवा इंटरफेरॉन गॅमाच्या साखळीत बिघाड असतो, तेव्हा बीसीजी लसीतल्या कमजोर केलेल्या जंतूनेही त्यांना गंभीर आजार होतो. कॅल्मेट आणि गेरँ यांनी तो जंतू १३ वर्षं, २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवून कमजोर केला होता, तरीही. एवढी ती साखळी महत्त्वाची.

बरं, जंतू पिशवीतून बाहेर पेशीच्या द्रवात आला तर? त्यासाठी पेशीकडे अजून बंदोबस्त आहे, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या विषयात सगळ्यात सुंदर काम इथेच झालंय. पिशवी फाटली की तिच्या आतल्या बाजूची साखर उघडी पडते, गॅलेक्टिन नावाची प्रथिनं ती ओळखतात. जंतूवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा शिक्का बसतो, आणि पेशी स्वतःचा कचरा जसा दुहेरी पडद्यात गुंडाळून पचवते तसं या जंतूला गुंडाळायला लागते, याला ऑटोफॅजी म्हणतात, त्याच्या कामासाठी २०१६ चं नोबेल ओसुमी यांना मिळालं. इंटरफेरॉन गॅमाने जीबीपी नावाची प्रथिनंही तयार होतात, ती साल्मोनेलासारख्या जंतूवर थरासारखी बसतात आणि त्याचं बाहेरचं आवरण उसवतात. २०२१ साली कळलं की त्यानंतर एपीओएल३ नावाचं प्रथिन येतं आणि आतलं आवरण चक्क साबणासारखं विरघळवतं, कढईची चिकट चरबी साबणाने निघते ना अगदी तसं. आणि हे फक्त पांढऱ्या पेशीत नाही, आतड्याच्या अस्तराच्या साध्या पेशीसुद्धा निरोप मिळाल्यावर हे करू शकतात. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण आपण इम्युनिटी म्हणजे दोन-चार प्रकारच्या पेशींची जबाबदारी समजतो, पण तसं नाही, शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीला स्वतःला वाचवता येतं.

आणि काहीच जमलं नाही तर पेशी स्वतः मरते, पण कशी मरते यावर खूप काही ठरतं. शांतपणे आवरून मेली तर जंतू तिच्यातच बांधला जातो आणि दुसरा मॅक्रोफेज तो सगळा गठ्ठा गिळून संपवू शकतो. फुटून मेली तर जंतू बाहेर सांडतो आणि पसरतो, टीबीच्या जंतूला हेच हवं असतं. साल्मोनेलाच्या बाबतीत उलट, पेशी मुद्दाम स्वतःच्या पडद्याला भोकं पाडून फुटते, म्हणजे जंतूचं लपायचं घरच जातं आणि बाहेर थांबलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला धरतात.

जो जंतू मारता येत नाही त्याला शरीर घेरून ठेवतं. आईच्या रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा लिहिलं असेल ते हेच. मधे ते पनीरासारखं मेलेलं, भोवती लांबट झालेले मॅक्रोफेज, काही एकमेकांत मिसळून झालेल्या मोठ्ठ्या पेशी ज्यांची केंद्रकं कडेला घोड्याच्या नालासारखी लागलेली, आणि बाहेर टी पेशींचं कडं. हे कडं टिकवायला टीएनएफ नावाचं निरोपाचं प्रथिन लागतं. संधिवातासाठी टीएनएफ बंद करणारं इन्फ्लिक्सिमॅब आलं तेव्हा २००१ साली ७० रुग्णांची नोंद छापून आली ज्यांना ते घेतल्यावर टीबी उसळला. आता ते औषध देण्याआधी टीबीची तपासणी करतातच.

आईची इम्युनिटी कमी होती का, याचं सरळ उत्तर, बहुतेक तू समजतेस तशी नाही. जगातल्या साधारण पाव लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यातल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. तोल कशाने बिघडतो ते मात्र बघावं लागतं. आईची शुगर तपासली का? एचआयव्हीची टेस्ट टीबीच्या प्रत्येक रुग्णाची करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एचआयव्हीने सीडी-४ टी पेशी, म्हणजे निरोप देणाऱ्या टी पेशी, कमी झाल्या की निरोप देणारंच कोणी उरत नाही. आणि वजन. घरातल्या बायका सगळ्यांना वाढून उरलेलं खातात हे मी तुला सांगायला नको. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला, टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना सहा महिने जास्तीचं धान्य, डाळ आणि व्हिटॅमिन दिलं तर त्यांच्यात टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुफ्फुसाचा तर ४८ टक्क्यांनी. कुठल्या महागड्या इम्युनिटी बूस्टरने नाही, डाळ-तांदळाने. बाजारातली ती पावडर आणू नकोस, त्या पैशात अंडी, फुटाणे, शेंगदाणे, तुरीचं वरण आण. निक्षय पोषण या टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याचे १००० रुपये बँकेत येतात, खातं जोडलंय का ते आरोग्य केंद्रात विचार. आणि तुझी, बाबांची, भावाची पण तपासणी करून घ्या, घरच्यांना आजार व्हायच्या आधी देण्याच्या गोळ्या असतात, त्याबद्दल विचारा.

सहा महिने गोळ्या का, तेही जंतू कुठे बसलाय यावरच आहे. पहिले २ महिने चार औषधं, मग ४ महिने तीन. रिफॅम्पिसिन पेशीत नीट शिरतं. पायराझिनामाइड तर आंबट जागेतच चालतं, म्हणजे मॅक्रोफेजने पिशवी आंबट केली की हे औषध तिथे कामाला लागतं, शरीर आणि गोळी एकाच ठिकाणी मिळून काम करतात. पण त्या पनीरात काही जंतू जवळजवळ झोपून असतात, वाढत नाहीत, आणि न वाढणाऱ्या जंतूला मारायला वेळ लागतो. दोन महिन्यांत आईला बरं वाटेल, भूक लागेल, वजन वाढेल, तेव्हाच घरात कोणीतरी म्हणेल की आता काय गरज. तेव्हा हे आठव.

अजून एक, हे आत्ताच सांगून ठेवते कारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लोक घाबरून माझ्याकडे येतात. गोळ्या नीट चालू असताना गाठ कधी कधी मोठी होते, शेजारी नवीन येते, क्वचित फुटून पू येतो. आधी दबलेल्या टी पेशी आता जाग्या होऊन मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर तुटून पडतात, त्याची ती सूज असते. अशा गाठीतून मी सुई घालते तेव्हा स्लाइडभर पेशीच पेशी दिसतात, आणि लाल काडी शोधूनही मिळत नाही, मिळाली तर तुटकी, ठिपक्या-ठिपक्याची. औषधाला दाद न देणारा टीबी तर नाही ना हे बघावं लागतंच, म्हणून डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखव, ते पू कल्चरला पाठवतील. पण त्यांनी सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू नको, आणि आईला सांग की गाठ दाबून बघत बसू नका.